ख्राइस्टचर्च: दोन दिवस, सहा मुलाखती आणि काकांची गाडी

मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. त्यामुळे ऑकलंडमधल्या ईस्ट टामाकीच्या गोदामातली नोकरी सांभाळून शनिवार-रविवार मुलाखती घ्यायला जाशील का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा विश्वासच बसेना. मॅडम मराठी स्थलांतरितांवर संशोधन करतात. २०११च्या भूकंपानंतर बांधकामाच्या कामासाठी ख्राइस्टचर्चला आलेली सहा कुटुंबं, प्रत्येकाला वीस प्रश्न. नीट जमलं तर त्यांच्याकडचं कायमचं काम मला मिळणार होतं.

ऑकलंडहून सकाळचं विमान घ्या आणि उजवीकडची खिडकी मागा. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, बर्फाचे डोंगर दिसतात. दोन स्वेटर न्याच. मी सहा प्रश्नावल्यांचे तीन संच नेले होते, एक हरवला तर म्हणून, आणि दुसरा भिजला तर म्हणून.

विमानतळावर तिथल्या मराठी मंडळाचे काका आले होते. मुलाखतीसाठी सहाही घरं त्यांनीच ठरवून दिली होती. मी गाडी भाड्याने घेणार म्हटल्यावर चिडले. "मी काय मेलोय का? बस गाडीत!"

बसलो. शहरभर रस्ताकामाचे नारिंगी शंकू, रिकामे प्लॉट आणि वळसे. काका प्रत्येक प्लॉटवर आधी काय होतं ते सांगत होते.

पहिल्या घरी पोहे आले. काका माझ्या शेजारी सोफ्यावर. आठवा प्रश्न होता, घरात अजून भूकंपाच्या धक्क्यांची भीती वाटते का? घरच्या इंजिनिअरने काकांकडे पाहिलं.

"सांग की! दणकट घर बघून दिलंय मी."

"छे, छे. स्वीट ॲज, एकदम मस्त!" तो हसला. मी 'नाही'वर खूण केली.

पुढची घरंही अशीच झाली. रविवारी मधल्या वेळात न्यू ब्रायटनचा समुद्र पाहिला, फिश अँड चिप्स खाल्ले. वारा बोचरा, पण जा. सहाव्या घरी मी बूट घालत होतो, काका गाडी वळवायला गेले होते. घरच्या वहिनी दारात हळूच म्हणाल्या, "मी अजून मुलीला बूट घालूनच झोपवते, रात्री धक्का बसला तर म्हणून. पण हे घर काकांनीच मिळवून दिलंय. त्यांच्यासमोर काय बोलणार?" (हे इथे लिहायला त्यांनी नंतर परवानगी दिली.)

तेवढ्यात हॉर्न वाजला. "चल रे, विमान चुकेल!"

सोमवारी मॅडमनी फॉर्म चाळले. "एकही रकाना रिकामा नाही. छान."

गप्प बसलो असतो तर कळलंही नसतं. "मॅडम, सहाही घरी काका शेजारी बसले होते."

"बाहेर थांबा म्हणायचं नाही?"

"त्यांच्या गाडीतून फिरलो, त्यांच्याकडे जेवलो. कसं म्हणणार?"

मॅडमनी फॉर्म बाजूला सारले. "म्हणजे हे एकाच माणसाचं उत्तर आहे. सहा वेळा." मग कोरे कागद दिले. "कोण कुठे बसलं होतं, कोण कुणाकडे बघत होतं, सगळं लिहून काढ."

चार पानं झाली. दोनदा तपासून दिली.

कायमचं काम एम. ए. झालेल्या एका मुलीला मिळालं. वाईट वाटलं, अजून वाटतं. पहिल्याच दिवशी मॅडमनी तिला माझी चार पानं वाचायला दिली. संध्याकाळी तिचा फोन आला. "सगळं कळलं हो, पण त्या काकांना राग न येता 'बाहेर थांबा' कसं म्हणायचं?"

"ते मला अजूनही येत नाही," मी म्हणालो. मग आम्ही दोघं फोनवरच ते वाक्य जुळवत बसलो.