संत्र्याची सालं

जर्मनीत आल्यापासून आज पहिल्यांदाच एकटा रेल्वेगाडीत बसलोय. समोरच्या खिडकीपाशी कुणीतरी संत्र्याची सालं आणि चोखलेल्या बिया टाकून गेलंय. बघूनच किळस आली.

मागच्या रविवारी कॉलेजचे आम्ही सहा जण याच गाडीने गेलो होतो. उतरताना सीटवर आमचा चिवडा, सालं, तेलकट कागद पसरले होते. मी उचलायला वाकलो, तर सुमित म्हणाला, "ए शहाण्या, राहू दे! सफाईवाली बाई मग काय करेल?" सगळे हसले. मीही हसलो. माझी आई गावाकडे मंगल कार्यालयात उष्ट्या पत्रावळी उचलते. त्यावरच मी इथवर शिकलो.

घोळक्यात आपली घाण आपली वाटत नाही बहुधा. एकटं बसलं की तिचा वास येतो.

सफाईवाली पिशवी घेऊन आली. मी घाईने ती सालं, त्या बिया हातानेच गोळा करून पिशवीत टाकल्या. तिने हसून आभार मानले. मला मान वर करवेना.

संध्याकाळी आईचा फोन येईल. "एकटाच का रे हिंडतोस? मित्र कुठं गेले?" असं ती विचारेल. हात अजून चिकट आहे.