व्हर्डेल गेदर्सचा इंच

व्हर्डेल गेदर्सच्या नाकावर माशी बसलेली मी अजून पाहिलेली नाही. माशीची हिंमत होत नसावी. आमच्या कूपर्स फोर्कच्या कॉलेजात फुटबॉलच्या पोरांचे कपडे, बूट, हेल्मेटं सगळं तिच्या ताब्यात. मळकी जर्सी जमिनीवर लोळताना दिसली की ती पोराला नाव घेऊन हाक मारते, आणि तीनशे पौंडांचा तो बाप्या 'येस मॅडम, येस मॅडम' करत उचलायला धावतो. मी रॉइस. टीमची बस चालवतो. चर्चमध्ये गाऊन गाऊन आवाज मोठा झालाय, म्हणून मैदानावर आकडे ओरडायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय.

आकडे म्हणजे मार्चमधल्या चाचणीचे. त्या दिवशी व्यावसायिक संघांचे पारखी येतात आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांना मोजतात, पळवतात, उड्या मारायला लावतात. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कुणाला उचलायचं ते बरंचसं इथे ठरतं. पोरगं खेळतं कसं हे त्यांनी पाहिलेलं असतं, पण आमच्या लहान कॉलेजातला खेळ मोठ्या कॉलेजाच्या खेळाशी ताडून कसा बघणार? उडी मात्र सगळीकडे सारखीच. म्हणजे असायला हवी.

असायला हवी म्हणालो, कारण उभ्या उडीत एक लबाडी आहे. आधी पोराला भिंतीला लावतात, हात वर करायला सांगतात आणि बोटं कुठवर पोचतात ते मोजतात. मग तो उडी मारून खांबावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना हात लावतो. दुसऱ्या मापातून पहिलं वजा केलं की उडी निघते. आता भिंतीपाशी जरा खांदा चोरला, की पहिलं माप कमी भरतं आणि उडी फुकटात वाढते. अटलांटातले खासगी ट्रेनर हे पैसे घेऊन शिकवतात. पारख्यांनाही ठाऊक असतं, म्हणून ते कुठल्याही कॉलेजाच्या आकड्यातून मनातल्या मनात इंच-दीड इंच कापतात. फक्त आमच्यातून कापत नाहीत. कारण आमच्या भिंतीपाशी व्हर्डेल उभी असते.

हे काम तिला कुणी दिलं नव्हतं, तिनेच घेतलं. फार जुनी गोष्ट. कुठलासा कोच हसत हसत मापं घेत होता, आणि ही धुतलेल्या टॉवेलांची टोपली घेऊन तिथून चालली होती. थांबली. म्हणाली, "याच्या बाह्या मी शिवते. याचा हात एवढासा नाही." टोपली कोचच्या हातात दिली, मोजपट्टी आपल्या हातात घेतली. ती पट्टी मग तिने कुणाला दिलीच नाही. पोरांच्या पाठीवर तळवा ठेवून ती खांदा वर ढकलते. "वर, बाळा, अजून वर. चोरी करायची तर बँकेत जा, इथे नको." आणि कुणी फार ताणून पायाच्या बोटांवर गेला तर एवढंच म्हणते, "टाच." टाच उचलली की पहिलं माप जास्त भरतं आणि पोराची उडी उगाच कमी होते. पोरं रात्री झोपेत टाच खाली टेकवत असतील.

गेल्या मार्चमध्ये तिच्या पुढ्यात तिचाच नातू आला.

टॅवियन. त्याची आई चार्लस्टनला हॉस्पिटलात नोकरी करते, पोरगा आजीच्या हाताखालीच वाढला. हवेत आलेला पास उडी मारून अडवायचा, हे त्याचं मैदानावरचं काम. त्या जागेवरच्या लहान कॉलेजच्या पोराची उडी छत्तीस इंचांच्या खाली गेली, की पारखी त्याचं धावणं बघायलाही थांबत नाहीत. गाड्या काढतात आणि जेवायला जातात. टॅवियनला हे माहीत होतं. व्हर्डेलला माहीत होतं. दोन आठवडे ती माझ्याशी धड बोलली नव्हती, यावरून मलाही कळलं होतं.

आदल्या दिवशी कोच बॅस्कम तिला हळूच म्हणाले, "मिस व्हर्डेल, टॅवियनचं माप दुसरं कुणी घेतलं तर? उगाच लोक बोलतील."

"बाजूला झाले तरी बोलतीलच," ती म्हणाली. "म्हणतील, नातवाची वेळ आली तेव्हा म्हातारी पळाली. मीच घेणार."

कोचांनी मान डोलावली. आमच्याकडे तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही, मीसुद्धा नाही.

चाचणीच्या सकाळी बाकांवर पारखी दाटीवाटीने बसले होते. त्यांच्यात हॅलोरन नावाचा एकजण होता, उत्तरेकडच्या कुठल्यातरी संघाचा, आमच्याकडे पहिल्यांदाच आलेला. तोंडात उकडलेल्या शेंगा आणि शब्दही तसेच खारट. "ही आजी आणि हा नातू?" त्याने शेजाऱ्याला विचारलं, मुद्दाम मला ऐकू जाईल असं. "मग काय, आज चाळीस इंच उडी."

व्हर्डेलनेही ते ऐकलं. तिचा जबडा आवळला ते मला दिसलं.

टॅवियन भिंतीला लागला. हात वर केला, अगदी सरळ, जराही चोरी न करता. तरी तिने तळवा पाठीवर ठेवला आणि ढकललं. "वर." पोरगा अजून ताणला गेला. "अजून." इतर पोरांना ती एकदा ढकलते, फार तर दोनदा. याला तिने तिसऱ्यांदा ढकललं आणि तिची नजर नातवावर नव्हतीच, बाकांवर होती. मी खाली स्टुलावर बसलेला. माझ्या डोळ्यांच्या रेषेत त्याचे पाय होते. टाचा उचललेल्या होत्या.

ती खाली बघेल, 'टाच' म्हणेल, अशी मी वाट पाहिली. तिने पट्टीवर बोट ठेवलं आणि माप सांगितलं. मला वाटलं, आपल्यालाच भास झाला असेल. इतकी वर्षं जिची चूक झाली नाही तिची आजच कशी होईल?

टॅवियनने उडी मारली. पोराने जीव ओतला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या उडीला सगळ्यात वरची पट्टी हलली आणि बाकांवर जरा हूं हूं झालं. मग वजाबाकी झाली आणि कागद माझ्या हातात आला. पस्तीस.

आता मी ओरडायचं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एकदा आकडा ओरडला की तो जगाचा झाला, मग कुणाच्या बापाला परत घेता येत नाही. मी कागद गुडघ्यावर ठेवला आणि साध्या आवाजात म्हणालो, "व्हर्डेल. टाच."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. तो शब्द तिचा होता, तिला कुणी कधी म्हटला नव्हता.

"असू द्या, मिस्टर रॉइस," टॅवियन घाईघाईने म्हणाला. तिथेच ती पांढरी पडली. तिने त्याला विचारलं, "टाच उचलली होती?"

"ग्रॅनी, जाऊ दे ना."

"मी काय विचारलं?"

"येस मॅडम. उचलली होती."

हॅलोरन उठून उभा राहिला. "म्हणजे आता नातवासाठी परत माप? वा, मिस व्हर्डेल. तुमचं नाव फार ऐकलं होतं हो."

दुसरं कुणी असतं तर रडलं असतं, नाहीतर भांडलं असतं. व्हर्डेल चालत बाकांपर्यंत गेली आणि मोजपट्टी त्याच्यासमोर धरली. "उडी तीच राहील, ती सगळ्यांनी पाहिली आहे. भिंतीवरचं माप चुकलंय आणि ते मीच चुकवलंय. तुम्ही मला काय म्हणाल या भीतीने मी पोराला जास्तच वर ढकललं. या, तुम्ही घ्या."

कॉलेजातली सगळी माणसं बघत राहिली. ती पट्टी कोच बॅस्कमनासुद्धा कधी मिळाली नव्हती. हॅलोरनने शेंगांची पिशवी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि भिंतीपाशी आला. त्याला वाटलं असेल, पोरगा आता खांदा चोरणार. टॅवियनने टाचा टेकवल्या आणि हात असा ताणला की बरगड्या मोजून घ्याव्यात. "ढकला त्याला," मागून व्हर्डेल म्हणाली, "संकोच करू नका." हॅलोरनने ढकललं. चांगलं जोरात ढकललं. मग गुडघ्यावर बसून टाचा बघितल्या, परत उठला, पट्टी वाचली, परत एकदा वाचली.

पूर्ण दीड इंचाचा फरक निघाला.

"साडेछत्तीस," मी ओरडलो. कॉलेजच्या लाँड्रीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने मान वळवली म्हणतात. हॅलोरनने पट्टी तिला परत दिली, टोपी जरा उचलली आणि जागेवर जाऊन बसला. दुपारी टॅवियन धावला तेव्हा एकही गाडी हलली नव्हती.

संध्याकाळी आम्ही तिघं तळलेला मासा खायला गेलो. व्हर्डेलने ताटाला हात लावला नाही. शेवटी म्हणाली, "तुला कळत होतं ना? मग बोलला का नाहीस?"

टॅवियन काट्याने वाल चिवडत होता. "मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, आजी आहे म्हणून लाड करून घेतोय."

"आणि तुझी अख्खी कमाई गेली असती."

"तुझी पण गेली असती, ग्रॅनी. तुझ्या पट्टीवरचा लोकांचा विश्वास."

तिने त्याचा तळवा उलटा करून आपल्या तळव्यात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी मुकाट्याने तिच्या ताटातला मासा संपवला. कुणीतरी संपवायलाच हवा होता.

एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत टॅवियनचं नाव आलं नाही. टीव्ही बंद करून आम्ही उठतच होतो, तेवढ्यात फोन वाजला. एका संघाला तो शिबिरासाठी हवा होता, नावाविना राहिलेल्या पोरांना घेतात तसा. पलीकडून हॅलोरन बोलत होता. पोरगा गेला, उन्हाळाभर घाम गाळला, आणि अजून तिथेच आहे. शेवटच्या बाकावर का होईना, आहे.

या मार्चमध्ये परत चाचणी झाली. भिंतीपाशी व्हर्डेल, स्टुलावर मी. पहिलाच पोरगा हात वर करता करता तिला म्हणाला, "मॅडम, टॅवियनची उडी किती होती हो?"

"साडेछत्तीस," ती म्हणाली. "पण तो आकडा माझ्या हातचा नाही."

मग गुडघ्यावर हात टेकून ती कष्टाने वाकली आणि आधी त्याच्या टाचा बघितल्या.