घशाखाली न उतरणारी भाकर

बंदरावरच्या मासळी बाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. लिलाव पुकारायला उभा राहिला की बर्फगाड्यांचा खडखडाट, ट्रकचे हॉर्न, गिऱ्हाइकांची भांडणं, सगळं त्याच्या आवाजाखाली दबून जायचं. मग घशात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती खरखर. नाव मात्र लोकांनी बदललं नाही. "भोंगा आला, कान झाका," असं कुणी म्हटलं की तोही हसायचा.

खाणंही पातळावर आलं. कोरडा घास घसा अडवूनच धरायचा. चर्चमध्ये प्रभुभोजनाला, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीच्या विधीला, भाकर म्हणून पातळ, कोरडी चकती देत. ती त्याला जमेना. म्हणून पाळकसाहेब त्याला प्याल्यातला द्राक्षारसच चमच्याने देत, थेंबभर. त्याला तेवढ्यानेही भरून पावल्यासारखं व्हायचं.

मग साथ आली. एकाच प्याल्याला सगळ्यांचे ओठ लागतात, म्हणून वरून, बिशपांकडून, हुकूम निघाला: प्याला बंद, फक्त भाकर.

"कुणी मनाला लावून घेऊ नका," पाळकसाहेबांनी उपासनेत समजावलं. "नुसत्या भाकरीतही प्रभू पुरता असतो."

"असेल," तो बायकोच्या कानाशी खरखरला, "पण माझ्या घशाला कोण समजावणार?"

बायकोने पाळकसाहेबांना दारातच गाठलं. "ह्यांना वेगळ्या वाटीत द्या ना. वाटी मी घरून आणते, उकळून."

"ताई, मला कळतं हो. पण एकाला दिलं की सगळे मागतील. मी वर विचारतो. तोवर त्यांनी मनोमन घ्यावं."

"तुम्ही मनोमन जेवून बघा एकदा," म्हणाली आणि चालू पडली.

पुढच्या प्रभुभोजनाला तो हट्टाला पेटला. चकती घेतली, नखाएवढा तुकडा मोडला, जिभेवर भिजू दिला आणि गिळला. तुकडा अडकला. खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. आणि त्या दिवसांत खोकला म्हणजे काय! आजूबाजूचे बाक भराभर रिकामे झाले. वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसणारा बर्फवाला थेट भिंतीला जाऊन टेकला. "अरे, बाहेर न्या त्यांना!" कुणीतरी ओरडलं.

बायकोने पाठीत धपाटे घातले तेव्हा कुठे तुकडा रुमालात पडला. पवित्र वस्तू, टाकणार कुठे? रुमाल मुठीत धरून ती घरी आली, तुकडा वाटीभर पाण्यात विरघळवला आणि खिडकीतल्या कुंडीत ओतला.

तो बघत होता. "झाडाला मिळालं," म्हणाला. "मला नाही."

त्यानंतरही दर वेळी तो रांगेत उभा राहायचा, भाकर घेणार नाही ही खूण म्हणून हात छातीशी बांधून. पाळकसाहेब लांबूनच हात उंचावून आशीर्वाद द्यायचे. "वरून काही आलं?" तो विचारायचा. "अजून नाही." घरी आल्यावर चपला एकीकडे, छत्री दुसरीकडे आणि दार धाडकन.

"इतका त्रास होतो तर जाता कशाला?" बायको एकदा वैतागून म्हणाली.

"का नको जाऊ? उठून गेलो की त्यांना बरंच. विचारणारा राहिला नाही!"

परवानगी आली तेव्हा लोकांनी मास्क कपाटात टाकले होते. आजाऱ्यांना वेगळ्या प्याल्यातून द्यायला हरकत नाही, असं ठरलं होतं. पाळकसाहेब धावतच घरी आले. "बघा, झालं की नाही काम!"

"झालं," तो म्हणाला. "साथ संपल्यावर."

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. "मी विचारत होतो हो सारखा," ते हळूच म्हणाले. ते खरंही होतं. त्यामुळे तर त्याला आणखीच चीड आली; धड भांडायलाही समोर कुणी नव्हतं.

त्या रविवारी चमचा ओठांना लागला. त्याचे डोळे भरून आले. बायकोला हायसं वाटलं. परतताना तिने विचारलं, "आता तरी निवलात ना?"

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. मग खरखरला, "गोड लागलं. राग नाही गेला."

"मग पुढच्या वेळी?"

"जाणार तर! रागावूनच जाणार."