रजिस्टरातली मोकळी जागा

आमच्या गावातलं समाजमंदिर मी पहिल्यापासून पाहिलं आहे. गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं दगडी ओटा होता आणि त्यावर तरुण मंडळाची पत्र्याची शेड. संध्याकाळी माणसं व्हॉलीबॉल खेळायची. पुढं आमदार निधीतून वर स्लॅब टाकला. त्यावर पाणी मारायला आम्ही बायका होतो, ओढ्यावरून हंडे भरून आणायचो. मग टीव्ही आला. आत पुरुष बसलेले असायचे, म्हणून आम्ही तो खिडकीतून पाहिला. मग व्यायामाची लोखंडी यंत्रं आली. सगळ्यात शेवटी मागच्या बाजूला एक खोली काढली आणि दारावर रंगानं ‘महिला कक्ष’ असं लिहिलं.

ती खोली बरेच दिवस रिकामीच होती. पुरुषांनी नवीन कॅरम आणला तेव्हा जुना तिथं टाकला. पावसानं एक कोपरा फुगलेला, राणी हरवलेली. आम्ही एका पांढऱ्या सोंगटीवर लाल टिकली चिकटवून तिला राणी केली. पावडर नव्हती, तांदळाचं पीठ टाकायचो. त्याला मुंग्या यायच्या. दुपारची भांडी उरकली की तासभर आठ-दहा जणी जमायचो.

माझ्या थोरल्या जाऊबाई थोरले दीर गेल्यापासून चार बायकांत बसत नव्हत्या. शेतात जायच्या, घरी यायच्या, बाकी परसात एकट्या. हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलवत नव्हतं आणि त्यांनीही सगळं सोडून दिलं होतं. मी त्यांना हाताला धरून खोलीत नेलं. काही दिवस भिंतीला टेकून नुसत्या बघत बसल्या. मग एकदा स्ट्रायकर घेतला आणि पहिल्याच फटक्यात राणी घेतली. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या, “एवढा नेम हाय, तर भुईमुगातली वानरं का सोडली गं?” जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून त्या रोज माझ्या आधी तयार असायच्या.

भाताच्या लावणीत ग्रामसभा होती. बायका सभेला जात नाहीत, रजिस्टरच आमच्याकडं येतं. पंचायतीचे शिपाई माझे चुलत सासरे. ते रजिस्टर घेऊन खोलीच्या दारात आले, म्हणाले कोरम भरत नाही, सह्या द्या. बाकीच्या जणी माझ्याकडं बघायला लागल्या. मी चौथी शिकलेली, आमच्यात वाचणारी मीच. आत्याबाईंनी विचारलं, काय लिहिलंय. वर ‘उपस्थिती’ असं होतं, त्याखाली अर्धं पान मोकळं, आणि सह्यांच्या ओळी पानाच्या खालच्या अंगाला. ही जागा मोकळी का, असं माझ्या मनात आलं. पण चुलत सासऱ्यांसमोर मी कधी तोंड वर करून बोललेली नाही. ते म्हणाले, “सूनबाई, तू कर आदी, मंजी बाकीच्या करतील.”

मी सांगितलं, नुसती हजेरी आहे. आणि पहिली सही केली.

लावणी संपली आणि एके दिवशी खोलीला दुसरंच कुलूप दिसलं. आत गाद्या रचलेल्या. किल्ल्यांवर येणाऱ्या पुण्याच्या लोकांना मुक्कामाला म्हणून खोली एका बाहेरच्या माणसाला दिली होती. कॅरम व्हरांड्यात उभा केलेला. आम्ही पंचायतीत गेलो तर सरपंच म्हणाले, ठराव ग्रामसभेचा आहे, रजिस्टर बघा. वाचायला बाकीच्यांनी मला पुढं केलं. ती मोकळी जागा आता भरलेली होती. महिलांना खोलीची गरज नाही, ती भाड्यानं द्यावी अशी महिलांनी एकमतानं मागणी केली, असं लिहिलं होतं. खाली पहिलं नाव माझं.

मी मोठ्यानं एवढंच वाचलं की खोली भाड्यानं दिली. मागणी आपलीच आहे, हे मी वाचलंच नाही.

जाऊबाई परत परसात बसायला लागल्या. मी बोलवायला गेले की म्हणायच्या, कुठं जायचं आता. मला भाकरी गोड लागेना. शेवटी एका दुपारी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. रजिस्टरातली जागा, माझं न विचारणं, आणि पंचायतीत गाळलेलं वाक्य.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, “तुला वाचता येतंय म्हून आमी बिनघोर हुतो.”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, “फुडल्या सभेला म्या येते. बोलायचं मातर तू.”

सभेला आम्ही पाच जणीच गेलो. जाऊबाई माझ्या शेजारी. चुलत सासरे समोर टेबलापाशी उभे होते. मी उभी राहिले, आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. कोणीतरी मागून म्हणालं, बाईला पाणी द्या. हसले काही जण. मग मी म्हणाले, “सही माजी हाय, पर खोली नको असं आमी म्हणलं न्हवतं. तवा ते पान मोकळं हुतं.”

सरपंच म्हणाले, विषय पुढच्या सभेत घेऊ. मी म्हणाले, मी बोलले ते आज लिहा. ग्रामसेवकांनी लिहिलं. मी ते वाचून पाहिलं, या वेळी सगळं मोठ्यानं.

खोलीचं कुलूप अजून तसंच आहे. चुलत सासऱ्यांनी आमच्या घरचा चहा सोडला आहे, आणि आमचे मालक म्हणतात मी घरातल्या माणसाचा चारचौघांत आब घालवला. त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही, मलाही म्हाताऱ्याचा पडलेला चेहरा दिसतो. आम्ही पाच जणी व्हरांड्यात कॅरम मांडतो. पाहुणे आले की उठून जागा द्यावी लागते. जाऊबाई येतात, खेळतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात.