फोटूसाठी धरलेली थाळी

आमची खानावळ हिंगोलीला टेशनाच्या रस्त्याला व्हती. सासरे चालवायचे. सासू न्हवती. मी आन् माझी मोठी जाऊ, दोघी चुलीपाशी. मालक माझे बाजार आणायचे, पाणी भरायचे, बापापुढं तोंड उघडायचे न्हाईत. पोलिस ॲक्शनच्या आधीचा हिवाळा तो. लुटालुटीच्या भ्यानं सांज पडल्यावर रस्त्यानं कोणी गाडी हाकत न्हवतं.

मला सातवा सरत आला व्हता. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, आन् आठवा लागला की पोरीला गाडीत बसवत न्हवते. म्हणून माझा बाप आमच्याकडल्या गोरेगावच्या वाटंवरून बैलगाडी घेऊन न्यायला आला. याच्या आधी बी आला व्हता, रिकामा गेला. सासरे म्हणायचे, "हात कमी पडतेत, पुढच्या आठवड्यात न्या." आता पुढचा आठवडा उरलाच न्हवता.

बाप आला त्याच सकाळी नांदेडहून फोटुवाला आला. तिकडं एका खानावळीच्या दारावर सासऱ्यानं थाळीचा मोठा फोटू पाह्यला व्हता. पाटी वाचता येत न्हाई त्याला बी कळतं, आत काय भेटतं. तेलंगी येवो का उर्दूवाला येवो, बोट दाखवलं की झालं. तवापासून त्यांच्या डोक्यात तेच.

"इवाई, फोटू होऊ द्या, मग न्या लेकीला," सासरे म्हणले. "दुपारच्या आत मोकळी करतो."

बाप समोरच्या लिंबाखाली बैलांला कडबा टाकून बसला. लेकीला लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत न्हाई, अशी आमच्याकडची रीत. सासऱ्यानं वट्ट्यावरून हाक मारली, "अहो इवाई, गिऱ्हाईक म्हणून बसा की पंगतीला! पैसे मोजा आन् जेवा, मग काय अडतंय?"

लोक हसले. बाप बी हसला. म्हणला, "पैसे मोजले तरी पोळ्या लाटणारे हात लेकीचेच हायेत न्हवं."

म्या थाळी वाढून दिली, रोज वाढतो तशी. फोटुवाल्यानं फोटूच्या डब्याच्या काळ्या फडक्यात डोकं घालून पाह्यलं आन् बाहेर येऊन मान हलवली. पिवळं वरण फोटूत काळं दिसतं म्हणे. भात बसका दिसतो. थाळी आडवी ठेवली तर आतलं काहीच दिसत न्हाई, ती डब्याकडं तोंड करून कलती धरावी लागंल. कलती धरली तर सगळं सांडणार. म्या म्हणलं, मग कसं?

तो म्हणला, "खाने कू नक्को बाई, देखने कू होना."

मग वरणात मैदा कालवून घट्ट गोळा केला. भात अर्धा कच्चा उतरवला, शितं मोकळी दिसावी म्हणून. त्याच्याखाली पालथी वाटी, उंच दिसावा म्हणून. श्रीखंडाच्या जागी भिजवलेला चुना थापला. पापड कणकेनं चिकटवला. वांग्याला वरून तेल चोळलं. वाफ दिसली पाहिजे, तर थाळीमागं उदबत्ती.

जाऊ म्हणली, "बया, ह्ये कोणी खाल्लं तर थेट कयाधू नदीवर, मसणात पोचवावं लागंल."

थाळी धरायची कोणी? जाऊला चूल सोडता येईना, गिऱ्हाईक जेवायलं व्हतं. मालक बाजाराला गेलेले, सासरे गल्ल्यावर. राह्यले मी. वट्ट्यावर उनात पांढरं धोतर दोरीवर टाकलं, त्याला दोन चिरा पाडल्या. धोतरामागं मी उभी, चिरांतून हात बाहेर, थाळीच्या पाठीला धरलेले. हात थाळीमागं झाकलेले, बाकी मी धोतरामागं. एका चिरेतून जरासा लिंब दिसायचा. बाप दिसायचा.

ऊन पडलं की आभाळ यायचं. फोटुवाला म्हणायचा, थांबा. मधीच भात घसरला, तो पुन्हा रचला. उदबत्तीचा धूर धोतराच्या आत, माझ्या नाकातोंडात. पाय सुजून आले. पोटातलं लेकरू लाता मारून राहिलं. सावली लिंबाच्या दुसऱ्या अंगाला गेली, तसा बाप बी सरकला. दुपार ढळली. त्यानं बैलं जुपली, मला दिसलं.

मग धोतराच्या बाजूला त्याचा आवाज आला.

"माय, निघावं लागंल आता. वाटंत सांज गाठंल. येतीस का?"

तेवढ्यात ऊन पडलं. फोटुवाल्यानं डब्याचं टोपण काढलं आन् वरडला, "कोई मत हिलो!"

बोलले असते तर थाळी हलली असती. थाळी हलली तर पुन्हा ऊन यायची वाट. आन् ह्ये झालं की मला जाता येणार, येवढंच मला कळत व्हतं. म्या तोंड मिटून धरलं. बाप उभा व्हता. मी जवाब देत न्हाई म्हणल्यावर त्याला काय वाटलं, कोण जाणे. "बरं," म्हणला.

टोपण लागलं. "हो गया." हात चिरांतून निघंनात, बोटं आखडलेली. जाऊनं येऊन सोडवले. वट्ट्याच्या कडंला आले तवर गाडी वळणाला गेली व्हती. हाक मारली, पर खाली बाजारची गलबल. पळायचं तर अंग असं.

सासरे म्हणले, "गेले का? बरं, रातच्याची कणिक भिजव."

आठवा लागला. मग न्यायचं नाव कोणी काढलं न्हाई. फोटू चौकटीत बसून दारावर लागला. लोक बोट दाखवून म्हणायचे, तसंच वाढा.

मी चुलीची लाकडं ठेवायच्या खोलीत बाळंत झाले, दुपारच्या पंगतीच्या येळंला. पंगतीच्या आन् माझ्या मधी नुसता बांबूचा तट्ट्या. घरात लेकरू जन्मलं की सोयर धरावं लागतं, चुलीवरचं कोणी खात न्हाई. म्हणून जाऊ कानापाशी म्हणली, "बाई, वरडू नको, पंगत बसलीय." म्या पदराचा बोळा तोंडात घातला. न्हाई वरडले. पोरगी झाली, ती मातर रडली.

पंगतीतलं कोणी तरी म्हणलं, "अहो, लेकरू कुणाचं रडायलंय?"

"शेजारचं," सासरे म्हणले. "तुमी जेवा."