बाबांचं वेप वॉटफर्डलाच राहिलं

नागपूर विमानतळावर मला सोडायला आलेले बाबा ऐन वेळी गायब झाले. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाले. म्हणजे सिगारेट. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो शब्द कुणी उच्चारत नसे. परत आले ते बडीशेप चघळत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तब्येतीला जप." सांगणारा माणूस बघा.

इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला मीही ओढायला लागले, ऑफिसच्या मागे, टीमबरोबर. पुढे सुटेना, तेव्हा जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, सिगारेट सोडवणाऱ्या क्लिनिकला पाठवलं. तिथल्या नर्सने वेप, म्हणजे ई-सिगारेट, दिलं आणि स्पष्ट सांगितलं, यात निकोटीन आहेच, पण जळणारा तंबाखू नाही. आधी सिगारेट सोड, मग हळूहळू हेही. ना उपदेश, ना डोळे वटारणं. माझी सुटली.

मग बाबा सहा महिन्यांसाठी आले. फुप्फुसं थकली आहेत, असं नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. निकोटीनच्या पट्ट्या, गोळ्या सगळं करून झालं होतं. पहिल्याच दिवशी जेवणानंतर ते धापा टाकत कोट चढवू लागले, पाय मोकळे करायला. मी टेबलावर एक नवं वेप ठेवलं. "बाबा, हे ओढून बघा. माझी सिगारेट यानेच सुटली."

लेकीच्या तोंडून हे ऐकून त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. मग विचारलं, "पुदिन्याचं आहे का?"

त्यानंतर रोज आम्ही मागच्या दाराच्या पायरीवर बसायचो. बाबा माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. बघता बघता सिगारेट बंद झाली, जिना न थांबता चढू लागले. तेवढ्यात निघायची वेळ आली.

आपल्याकडे वेप आणायला बंदी, विकायला बंदी. पोरांच्या हाती लागू नये म्हणून, आणि पोरांना ते लागतं हे मी इथे बसस्टॉपवर बघते. पण सत्तरीतल्या माणसाने काय करायचं? त्याला कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर सिगारेटचं पाकीट मिळतं, कायदेशीर. रोग्याला विष मोकळं आणि त्यातल्या त्यात बरं ते गुन्हा. बाबांनी जन्म सरकारी नोकरीत काढला. "चोरून नेणार नाही," म्हणाले, आणि वेप पुसून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तुम्ही तिकडे राहिलेले म्हणता, म्हाताऱ्याने मनावर घ्यायला हवं होतं. माझ्यासारखे इकडे आलेले म्हणतात, तू तरी काय करणार? दोघांचाही मला राग येतो.

घर कुठलं विचारलं की मी अजून नागपूरच सांगते. पण बाप मला भेटला तो इथल्या पायरीवर. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्यांची धाप ऐकू येते. "पट्ट्या लावतोय ना," म्हणतात, आणि थोड्या वेळाने उठतात. "जरा पाय मोकळे करून येतो."

खुर्ची रिकामी. बाहेरून खोकला येतो. आई फोन स्वतःकडे वळवते आणि विचारते, "जेवलीस का?"