माझं बोट मशीनला चालत नाही

"तुझं बोट काढ गं. ऋजुताचं लाव."

सर म्हणाले. लॅबमध्ये सगळे होते. मशीन मी बनवलेलं. बोटातून लाल उजेड पाठवून रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगणारं. माझा एम.टेक.चा प्रबंध त्याच्यावरच. सर्किट माझं, प्रोग्रॅम माझा. आणि माझ्याच बोटावर आकडा नाचत होता.

"हिची स्किन डार्क आहे ना," सर बाकीच्यांना म्हणाले, "उजेड आत जायलासुद्धा घाबरतो."

हसले. सगळे हसले. पुणेरी विनोद म्हणे. मी बोट काढलं आणि हात ओढणीखाली घेतला. ऋजुताचं बोट आत गेलं. गोरं, लांबसडक. आकडा लगेच स्थिर झाला.

मी तिच्यावर जळायचे. हेवाबिवा असले सभ्य शब्द नकोत. जळायचे. तिच्या वडिलांचं स्वतःचं हॉस्पिटल. व्हेंटिलेटर तिने शाळेत असताना पाहिलेला. मी पाहिला तो पुस्तकातल्या चित्रात, आणि खरा समोर आला तेव्हा हात लावू की नको म्हणत उभी राहिले. विश्रांतवाडीहून बस बदलत मी पोचेपर्यंत ती स्कूटरवरून येऊन तिचा चहासुद्धा झालेला असायचा. सर तिला विचारायचे, "बाबा काय म्हणतात?" मला पहिल्या दिवशी आडनाव ऐकून विचारलं होतं, "कुठल्या कोट्यातून?"

ती दुष्ट असती तर बरं झालं असतं. पण ती स्वतःच्या डब्यातली अर्धी साबुदाण्याची खिचडी माझ्या झाकणात घालायची. मला त्या खिचडीचाही राग यायचा. खायचेही. चांगली असायची.

"वाईट वाटून घेऊ नकोस अगं," ती त्या दिवशी म्हणाली. "सायन्स आहे ते."

घरी जाऊन मी साबणाने हात घासला. एम.टेक. करणारी मी. घासून रंग जात नाही हे मला कळत नव्हतं थोडंच? तरी घासला. मला तिचं हॉस्पिटल नको होतं, स्कूटर नको होती. मला तिचं बोट हवं होतं.

आमच्या लॅबची रीतच होती, ज्याचं बोट नीट लागतं त्याच्यावर मशीन जुळवायचं. पुढे ते ऋजुताच्या बोटावर जुळवलं. आकडा नाचला की सर वैतागायचे. म्हणून सिग्नल बिघडला की आधीचा चांगला आकडा धरून ठेवायचा, असं त्यांनी माझ्याकडूनच प्रोग्रॅममध्ये बसवून घेतलं.

मग कंपनीची माणसं बघायला आली. पसंत पडलं तर मशीन सरकारी दवाखान्यांसाठी बनणार होतं. बोलणार ऋजुता. "तिचं इंग्लिश स्मूथ आहे," सर म्हणाले. "तू वायरी सांभाळ." आयत्या बिळावर नागोबा, मी मनात म्हटलं.

तिने एका हाताला आमचं मशीन लावलं, दुसऱ्या हाताला हॉस्पिटलातलं विकतचं. श्वास रोखून धरला. दोन्ही आकडे बरोबरीने खाली आले. टाळ्या.

पाहुण्यांत एक वयस्कर डॉक्टर बाई होत्या. त्यांनी विचारलं, "आणखी कोणावर करून पाहिलंत?"

"सगळ्यांचं सारखंच येतं, मॅडम," सर म्हणाले.

सगळ्यांचं. त्या सगळ्यांत मी नव्हते. माझी आई नव्हती. आमची अख्खी गल्ली नव्हती. पण खरं सांगते, मी गल्लीसाठी पुढे गेले नाही. टाळ्या तिला मिळाल्या म्हणून गेले.

दोन्ही मशीनं माझ्या बोटांना लावली.

"अहो, आपण वायरी बघताय ना?" एरवी अगं-तुगं करणारे सर पाहुण्यांसमोर एकदम 'आपण'वर आले.

मी श्वास रोखला होता. विकतच्या मशीनचा आकडा उतरायला लागला. आमचा आधीचाच आकडा धरून बसला, जागचा हलेना. छाती फुटायला आली, कानात घूं व्हायला लागलं. माझा जीव घुसमटत होता आणि मी बनवलेलं मशीन सांगत होतं, हिचं छान चाललंय.

डॉक्टर बाईंनी माझं मनगट धरून मला खुर्चीवर बसवलं. "ही वॉर्डात असती, तर नर्सने हिच्याकडे वळूनही पाहिलं नसतं." पाहुण्यांनी कागद गोळा केले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "हे प्रबंधात यायला नको. आहे तसं मुकाट्याने सबमिट कर, पास होशील. नाहीतर बस वर्षभर."

"बसते," मी म्हणाले.

ऋजुताच्या प्रबंधाचा विषय वेगळा, ती पास झाली. जर्मनीला निघाली. पेढे द्यायला लॅबमध्ये आली तेव्हा मी पेढा घेतला, अभिनंदन म्हटलं आणि आतून जळले. अजून जळते. ते विझावं असं मला वाटत नाही.

रोज लॅब उघडली की पहिलं बोट माझं लावते. मग झाडणाऱ्या मावशींचं, मग वॉचमनकाकांचं. आकडा धरून ठेवणाऱ्या ओळी मी काढून टाकल्यात. आकडा चुकतो. चुकलेला आकडा जसाच्या तसा प्रबंधात लिहिते. वर मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव आहेच. आकडा बरोबर आल्याशिवाय मी या मशीनवर सही करणार नाही. आणि येईल त्या दिवशी समोर कोणीही बसलेलं असो, बोलणार मी.